आठ महिने, सात फेऱ्या : बीकेसीतलं नवं चायनीज

हॉटेलचं नाव देत नाही. कौतुकासोबत तक्रारीही लिहायच्या आहेत आणि त्यानंतर मॅनेजरचे गोड आवाजातले फोन नकोत. मुंबईच्या बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, गेल्या डिसेंबरात उघडलेलं, काळ्या लाकडाचं, आत शिरताना आपण उगाचच आवाज खाली करतो असं. ओळखणारे ओळखतील.

पहिल्याच आठवड्यात लिहिलं असतं तर डोळे मिटून पाचपैकी पाच दिले असते. नवीन हॉटेल, वाढपी उत्साहात, आचारी जागच्या जागी. अशा वेळी सगळ्यांचंच बरं असतं. म्हणून थांबले. जुलैपर्यंत सात वेळा जाऊन झालं, चार दुपारी आणि तीन रात्री. बहुतेक वेळा आम्ही चौघं: मी, नवरा, अकरावीतली लेक आणि माझी आई. आई मालवणची, वय ७४, खाण्याच्या बाबतीत कोणाच्या बापाला न ऐकणारी.

आमचं चायनीज म्हणजे नाक्यावरची गाडी. लालभडक राइस, ट्रिपल शेजवान, वर तळलेल्या नूडल्सचा चुरा. ते मला आजही आवडतं, त्यात लपवायचं काय? मंचुरियन तर इथलाच, चर्चगेटचा. १९७५ साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वाँग यांनी आलं, लसूण, हिरवी मिरची परतली आणि गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला, अशी त्याची जन्मकथा सांगतात. तर या नव्या हॉटेलच्या मेनूत मंचुरियन नव्हता. लेकीने तीनदा शोधला. मेनू मात्र मोबाइलचा टॉर्च लावूनच वाचावा लागला, कारण आत इतका अंधार की आईने विचारलं, "लाइट गेले काय गो?" आठ महिन्यांत त्यात काही फरक पडलेला नाही.

आधी डिमसम, म्हणजे टोपलीत वाफवलेले छोटे घास, कारण इथे परत परत जायचं खरं कारण तेच. हार गाऊ, म्हणजे पारदर्शक पारीतली कोळंबी. चार नग ६९५ रुपये. एक नग पावणेदोनशेला पडतो हा हिशेब मी पहिल्या दिवशी केला आणि नंतर बंद केला. आईने टोपलीचं झाकण उघडलं, एक उचलून दिव्यासमोर धरला आणि कळ्या मोजल्या. अकरा. "उकड बरी मळलेली आहे," म्हणाली. आणि खरंच ती उकडच असते. गव्हाच्या निव्वळ सत्त्वात थोडं टॅपिओकाचं पीठ, त्यावर उकळतं पाणी, झाकण, मग गरम असतानाच मळणं. मोदकाला तांदळाची पिठी, इथे हे, बाकी हात तोच. पारी इतकी पातळ की आतली गुलाबी कोळंबी दिसते, आणि तरी चॉपस्टिकने उचलताना फाटत नाही. चुरचुरीत कोळंबी दाताखाली तुटते तो आवाज ऐकण्यासारखा असतो.

पण हे दुपारी. रात्री तेच मागवलं तर दोनदा फसगत झाली. पारीच्या कडा सुकलेल्या, तळ कागदाला चिकटलेला, उचलताच कोळंबी टोपलीत राहिली आणि हातात रिकामी टोपी आली. चीनच्या दक्षिणेत, कँटनकडे, डिमसम सकाळ-दुपारचंच खाणं, चहासोबत. त्याला ते 'यम चा' म्हणजे चहा पिणंच म्हणतात. आपण रात्री साडेनऊला पोहे मागितले तर कसे मिळतील, तसंच हे. त्यामुळे सांगणं इतकंच की डिमसम साडेबाराला, पहिल्या वाफेचं.

चहाबद्दल एक. मोगऱ्याचा चहा घ्या, ४५० रुपयांची किटली चौघांना पुरते. गरम पाणी परत भरायचे पैसे लावत नाहीत. किटलीचं झाकण थोडं सरकवून ठेवलं की पाणी हवंय हा इशारा, हे आम्हाला तिथल्या मुलाने शिकवलं. हा मुलगा दार्जिलिंगचा. शेजारच्या टेबलावरच्या काकांनी त्याला मोठ्याने विचारलं, "चायना से हो क्या?" तो म्हणाला, "नहीं सर, दार्जिलिंग." पाच मिनिटांनी त्याच टेबलावरच्या दुसऱ्या काकांनी तोच प्रश्न विचारला. त्याने तेच उत्तर तितक्याच शांतपणे दिलं. सर्व्हिसला माझे पूर्ण मार्क आहेत ते त्याच्यासाठी.

आता मापो तोफू, ज्यावरून आमच्या घरात आठ महिने वाद चालला. सिचुआन प्रांतातल्या चेंगडूची डिश. १९व्या शतकात तोंडावर देवीचे वण असलेली एक बाई ती करून विकायची, तिच्यावरून हे नाव, अशी गोष्ट आहे. मऊ तोफूचे (सोयाबीनच्या पनीरचे) चौकोन, आंबवलेल्या ब्रॉड बीन-मिरचीच्या पेस्टचं लाल तेल, खिमा (इथे चिकनचा), आणि वरून सिचुआन मिरे भरडून. पहिल्या फेरीत पहिला घास घेतला आणि ओठ बधिर. तिखट नव्हे, तिखट आपल्याला कळतं. हे म्हणजे ओठांना मुंग्या. लेक घाबरली, तिला वाटलं ॲलर्जी. नवरा वीज कंपनीत, त्याने जिभेवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "बारीक शॉक बसतोय." त्याचं म्हणणं उगाच नव्हतं. लंडनमधल्या संशोधकांनी २०१३ साली मोजलं होतं, या मिऱ्यांनी ओठांना सेकंदाला सुमारे ५० कंपनांसारखं जाणवतं. आपल्या भिंतीतली वीजही ५० हर्ट्झचीच. तेव्हापासून तो या डिशला 'सिंगल फेज' म्हणतो.

आई मात्र गप्प. तिने वाटीतलं एक तपकिरी, फुटलेलं टरफल चमच्याच्या टोकाने बाजूला काढलं, बोटांत चोळलं, नाकाला लावलं. "ह्यां तर तिरफळ गो!"

बरोबर होतं तिचं. बांगड्याच्या तिखल्यात आपण जे तिरफळ घालतो ते आणि सिचुआनचं हुआजिआओ, म्हणजे तेच वरचे मिरे, एकाच कुळातलं, सख्खी चुलत भावंडं म्हणा. दोन्हींत आतलं काळं बी टाकून द्यायचं, चव टरफलात. वास थोडा वेगळा; त्यांचा लिंबाकडे झुकतो, आपला जास्त रानटी. पण जीभ तशीच मुंग्या येऊन जागी होते. मासळीचा उग्रपणा मारायला आपण ते घालतो, त्यांनी तोफूत घातलं. आईने ती वाटी एकटीने संपवली. लेकीच्या सांगण्यावरून आम्ही मात्र वाढप्याला म्हटलं, "पुढच्या वेळी हे जरा कमी करायला सांगा." हे वाक्य लक्षात ठेवा.

मार्चच्या फेरीत मापो तोफू आलं ते गोडसर. एप्रिलमध्ये आणखी गोड, मुंग्या नावालाही नाहीत. मी तेव्हाच मैत्रिणींच्या ग्रुपवर जाहीर केलं होतं, संपलं, मुंबईने यांनाही बिघडवलं.

तसे दुसरे पुरावेही होते. जूनमध्ये नवा मेनू छापून आला, आणि दुसऱ्याच पानावर 'बॉम्बे मंचुरियन', ८४५ रुपये. लेकीने टाळ्या वाजवल्या. मागवला. चांगला होता, पण आमच्या गाडीवाल्यापेक्षा आठपट चांगला नव्हता. जैन मेनू पहिल्यापासून आहे, तो समजण्यासारखा. हिरेबाजार हाकेच्या अंतरावर, दुपारची निम्मी टेबलं तिकडचीच. फक्त त्या जैन डंपलिंगमध्ये लिहिलेलं वॉटर चेस्टनट म्हणजे आपला पाण्यावर वाढणारा शिंगाडा नव्हे. तो चिखलात वाढणारा कंद. कडक पाळणाऱ्यांनी विचारून घ्यावं.

बदक एकदाच खाल्लं, नवऱ्याच्या वाढदिवसाला. आदल्या दिवशी सांगावं लागतं, कारण ते लटकवून वाळवायचं असतं, त्याशिवाय कातडी कुरकुरीत होत नाही. कातडी अप्रतिम, मांस ठीक. सोबतच्या पोळ्या मात्र बघाच: दोन लाट्यांमध्ये तेल, एकत्र लाटून भाजलेल्या आणि मग सोडवलेल्या, शेजारच्या गुजराती काकू आमरसाला करतात त्या बेपडी रोटलीसारख्या. त्या रात्रीचं बिल ११,४०० झालं. परत बदक खाईन असं वाटत नाही.

बिलाचंच सांगते. दुपारी चौघांचं पाच-साडेपाच हजारांत होतं, दारू न घेता. त्यावर ५ टक्के जीएसटी, तो भरायलाच हवा. पण खाली १० टक्के सर्व्हिस चार्ज आपोआप लागलेला असतो, तो देणं सक्तीचं नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२मध्येच तसं सांगितलं आणि मार्च २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. जानेवारीत मी म्हटलं, काढा, तर हसून काढला. एप्रिलमध्ये एक नवा मुलगा म्हणाला, "मॅडम, कंपल्सरी आहे." मी १९१५ या हेल्पलाइनचा नंबर नुसता उच्चारला, तोवर मॅनेजर नवं बिल घेऊन आले. दर वेळी असं करायला लाज वाटते, आणि ती वाटावी अशीच ती रचना असते. त्या दार्जिलिंगच्या मुलाला मी रोख हातात देते.

दुसरी तक्रार. मे महिन्यातल्या एका रविवारी एकचं बुकिंग असून एक चाळीसपर्यंत दाराशी उभं ठेवलं, ७४ वर्षांच्या बाईला. मग टेबल दिलं ते बाथरूमच्या दाराला लागून. आणि वर, "अडीचला टेबल रिकामं लागेल हं." त्या दिवशी काय खाल्लं ते आठवतही नाही. रविवार टाळा.

जाणं-येणं सोपं झालंय. दादरहून मेट्रोने तिसरं स्टेशन, बीकेसीला उतरून दहा मिनिटं चाल. पावसात मात्र ती दहा मिनिटं फार लांब वाटतात, रिक्षावाले इतक्या जवळचं भाडं घेत नाहीत.

जूनच्या फेरीत आणखी एक गंमत. 'आजचा मासा' काय विचारलं तर उत्तर आलं, फ्रेश पापलेट, वाफवून. आई खुर्चीत सरळ झाली. "जूनमध्ये ताजा पापलेट खंयसून?" १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना बंदी, हे तिला सांगायला कोण जाणार! मुलगा आत गेला, परत आला आणि प्रामाणिकपणे म्हणाला, फ्रोझन आहे, त्यापेक्षा तळ्यातला जिताडा घ्या. घेतला. अख्खा मासा, वर आल्याचे केसासारखे काप, पातीचा कांदा, आणि टेबलाशी आणून वरून कडकडीत तेल ओतलं. चर्र आवाज झाला आणि आल्याचा वास उठला. खाली नुसतं सोयाचं पातळ पाणी. मासा काट्यापासून सुटत होता, पण कोरडा नव्हता. आठ महिन्यांतली सर्वांत उत्तम डिश ही, १,९५० रुपयांना. आईने गालाचा तुकडा कोणाला विचारलं नाही.

आणि मग जुलै. मापो तोफू परत आलं गोड. या वेळी मी वाटी परत केली आणि जरा मोठ्याने म्हटलं, की डिसेंबरसारखं का करत नाही आता? दार्जिलिंगचा मुलगा काउंटरवर गेला, टॅब घेऊन आला आणि माझ्यासमोर धरला. माझा मोबाइल नंबर, त्याखाली आमच्या सातही भेटींच्या तारखा, आणि एक शेरा: 'मापो – मिरे कमी, सौम्य.' तारीख डिसेंबरची. बुकिंग केलं की तो शेरा आपोआप आचाऱ्याकडे जात होता. मुंबईने कोणाला बिघडवलं नव्हतं. आमच्याच घराने बिघडवलं होतं, तेही लेकीच्या एका वाक्यावर. लेक मेनूत तोंड खुपसून बसली.

शेरा पुसला. पंधरा मिनिटांनी नवी वाटी आली, लाल तेलाचा तवंग, वर भरड. नवऱ्याने पहिला घास घेतला आणि मान डोलावली, "आली लाइट." आईने यावेळी टरफलं बाजूला काढली नाहीत, पण जाताना चार दाणे टिश्यूत गुंडाळून पर्समध्ये टाकले. दुसऱ्या दिवशी सुक्या बांगड्याला ते घालून बघितले. तिचा निकाल: चालतात, पण आपली घातलेली बरी.

तुम्ही गेलात तर बुकिंग करतानाच विचारा, तुमच्या नंबरापुढे काय लिहिलंय ते.