‘ऑस्टिओपॅथी शिबिरा’त गेलेले १८,३५० रुपये आणि माझा डावा पाय

जानेवारीत कापसाची शेवटची वेचणी चालू असताना गाठोडे उचलताना माझ्या कमरेत लचक भरली आणि आठवडाभरात कळ डाव्या मांडीतून पोटरीपर्यंत उतरली. मी शाळेत विज्ञान शिकवतो. अशा माणसाने मंगल कार्यालयातल्या शिबिरात पैसे घालवावेत, हे लिहिताना लाज वाटते; पण गावातले आणखी तिघे त्याच शिबिरात जाऊन आल्याचे समजल्यावर गप्प राहणे जमले नाही.

शिबिराचा साचा सर्वांच्या परिचयाचा आहे, त्यामुळे तो उगाळत नाही. ‘विनाऑपरेशन, विनाइंजेक्शन’ असा फलक होता, नावापुढे ‘डॉ.’ आणि नावामागे ‘डी.ओ.’, म्हणजे डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथी, होते. ऑस्टिओपॅथी म्हणजे हातांनी सांधे-स्नायू दाबून, हलवून करायचा उपचार. नोंदणीचे ३०० रुपये, दहा बैठकांचे १२,५००, कमरेच्या पट्ट्याचे १,८५०, तेलाच्या दोन बाटल्यांचे १,३०० आणि तीन आठवड्यांच्या पुड्यांचे २,४०० असे एकूण १८,३५० रुपये मी दिले. कापसाचे चुकारे नुकतेच हाती आले होते, एमआरआयसाठी नागपूर गाठावे लागणार होते आणि कुणीतरी ऑपरेशनचे नाव काढले होते. ऑपरेशन म्हटले की शहाणा माणूसही आधी दुसरी वाट शोधतो, एवढेच माझे समर्थन.

पण शंका यायला हवी होती ती पहिल्याच दिवशी. मंगल कार्यालयाच्या दारात सर्वांनी चपला काढल्या होत्या. मी बूट काढायला वाकलो, तर शिबिरवाला म्हणाला, “राहू द्या सर, तुम्हाले वाकता येत नाही.” मला ती माणुसकी वाटली. मग त्याने मला खुर्चीवर बसवले, दोन्ही पाय सरळ करून टाचा आपल्या तळहातांवर घेतल्या आणि डावा पाय बोटभर आखूड असल्याचे रांगेतल्या लोकांना दाखवले. कंबर पिळली, कट् असा आवाज आला, आणि पुन्हा पाहिले तर पाय बरोबर. “आयकलं का? बसला मणका!” टाळ्या वाजल्या. त्यात माझ्याही होत्या. सैल बूट टाचेतून जरासा खाली ओढला की तो पाय लांब दिसतो आणि दुसरा आपोआप आखूड ठरतो. बूट परत आत सारला की झाला उपचार. आम्लात लाल होणारे मिथिल ऑरेंज लावून वाळवलेल्या सुरीने लिंबू कापून ‘रक्त’ काढण्याचा प्रयोग मी दरवर्षी मुलांना करून दाखवतो आणि त्यामागचे कारण त्यांच्याकडून वदवून घेतो. त्या खुर्चीवर मात्र मला एकही प्रश्न सुचला नाही. तो कट् आवाज सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार झाल्याचा असतो. त्याने मणका ‘बसत’ नाही आणि दोन मणक्यांमधली सरकलेली गादी हाताने आत ढकलता येत नाही. माझा एक्स-रे त्याने पाकिटातून बाहेरही काढला नव्हता. तुमचे जुने कागद न पाहता जो अंगाला हात घालतो, त्याच्यासमोरून उठा.

ऑस्टिओपॅथीच मुळात खोटी, असे माझे म्हणणे नाही. अँड्र्यू टेलर स्टिल यांनी ती १८७४ मध्ये अमेरिकेत मांडली. तिथले आजचे डी.ओ. पूर्ण वैद्यकीय शिक्षण घेतलेले परवानाधारक डॉक्टर असतात आणि ब्रिटनमध्ये १९९३ च्या कायद्यानुसार ऑस्टिओपॅथला नोंदणी सक्तीची आहे. साध्या कंबरदुखीत प्रशिक्षित हातांनी थोडा आराम पडूही शकतो, मात्र सोबत व्यायाम हवाच. आमच्या शिबिरवाल्याने ती दोन अक्षरे तेवढी उसनी घेतली होती. नुसत्या ऑस्टिओपॅथीच्या पदविकेवर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदवहीत नाव लागत नाही. म्हणून नोंदणी क्रमांक मागा आणि तो कौन्सिलच्या संकेतस्थळावर पडताळून पाहा. मान तर कुणालाही झटक्याने पिळू देऊ नका. मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणे वैद्यकशास्त्रात नोंदलेली आहेत.

चौथ्या बैठकीनंतर डाव्या पायातली चप्पल चालता चालता निसटू लागली. चार पावले पुढे गेल्यावर तळव्याला माती लागे, तेव्हा ती मागे राहिल्याचे कळे. शिबिरवाला म्हणाला, “नस मोकळी होऊन राहिली.” नागपूरच्या डॉक्टरांनी एमआरआय पाहून सांगितले की पाऊल उचलणारी नस दबली आहे आणि अशा कमरेला पिळे देणे धोक्याचे होते. लघवी अडली किंवा बैठकीची जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे, हेही त्यांनीच बजावले. शिबिरात हे कुणी विचारले नव्हते. कंबरदुखीसोबत ताप असेल, वजन उतरत असेल, तर मणक्याचा क्षयही असू शकतो. नोव्हेंबरात १०४ असलेली माझी उपाशीपोटीची साखर २४८ निघाली, तेव्हा डॉक्टरांनी पुड्यांत स्टेरॉइड असल्याचा संशय व्यक्त केला. नाव नसलेली पुडी घेऊच नका, आणि बरेच दिवस घेत असाल तर मनाने एकदम बंदही करू नका, डॉक्टरांना दाखवा.

तक्रारीची कथा याहून संतापजनक आहे. पोलीस म्हणाले, हे आरोग्य विभागाचे काम. तालुक्याच्या आरोग्य कार्यालयात दोन खेपा साहेब दौऱ्यावर होते. तिसऱ्या खेपेस उत्तर मिळाले की तो मालीश करतो, डॉक्टरकी नाही. फलकावरच्या ‘डॉ.’चा फोटो दाखवला, तर फोटोवर तारीख नाही. नोंदणीशिवाय डॉक्टरकी करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड असल्याचे २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याचे कलम ३४ मी छापून नेले होते. ते त्यांनी चहाच्या कपाखाली ठेवले. पुड्यांसाठी औषध प्रशासनाकडे गेलो, तर फोडलेल्या पुडीचा नमुना चालत नाही. मग ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, म्हणून आशेने गेलो. बाहेर बसलेल्या वकिलांनी पावती हातात घेऊन मला वाचायला लावली, आणि मी ती तेव्हा पहिल्यांदा नीट वाचली: ‘सेवा सहयोग – ऐच्छिक देणगी’. “सर, तुम्ही तर दान केलं,” ते म्हणाले. पैसे देण्याआधी पावतीवर काय लिहिले आहे ते वाचा. मी मुलांच्या सहामाहीच्या उत्तरपत्रिका याहून काळजीपूर्वक वाचतो.

अर्ज अजून आवक क्रमांकावरच आहे. गेल्या आठवड्यात शेजारच्या तालुक्यात तोच फलक दिसला. या वेळी फोटोत त्या दिवसाचे वर्तमानपत्र धरले आणि खालच्या क्रमांकावर फोन केला. नोंदणी आता ५०० रुपये आहे, आणि येताना बूट घालून यायला सांगतात.