चिखलदऱ्याची एका दिवसाची पॉइंट-सहल: गाडी कुठं थांबते, काय सुटतं

अमरावती-परतवाड्याहून सकाळी निघून अंधार पडता पडता परत आणणारी चिखलदऱ्याची सहल आपल्याकडे सगळ्यात जास्त खपते. देवी पॉइंट, भीमकुंड, मोझरी, हरिकेन, पंचबोल, बाग, तलाव एवढं दाखवून गाडीवाला गाविलगडाच्या दरवाजाशी अर्धा तास देतो आणि गाडी खाली वळवतो. पैशाच्या मानानं सहल वाईट नाही, पण वेळेची वाटणी साफ चुकलेली आहे. सहा-सात पॉइंटांवरून दिसतो तो एकाच पठाराचा कडा. ते पठार कसं आहे आणि त्यामुळं इथं काय घडलं, हे गडात शिरल्याशिवाय कळत नाही. म्हणून गाडी ठरवतानाच सांगावं: दोन पॉइंट कमी करा, गडाला निदान तीन तास द्या.

चिखलदरा १,११८ मीटरवर आहे. परतवाडा सोडलं की साधारण सातशे मीटरची चढण लागते, आणि ती जवळजवळ सगळी घाटातच. सातपुड्याची गाविलगड रांग दक्षिणेकडे पूर्णेच्या मैदानावर एकदम तुटते, तिथून खाली पायनघाटातली, म्हणजे वऱ्हाडच्या सपाट भागातली, कपाशी आणि संत्र्याच्या बागा दिसतात. उत्तरेकडे मात्र पठार लाटांसारखं मेळघाटात उतरत जातं. जवळचा वैराट पॉइंट १,१७८ मीटरवर आहे, म्हणजे गावाहूनही उंच. पाण्याचा हिशोबही बघण्यासारखा आहे. उत्तर उतारावरचा पाऊस सिपनेतून तापीत जातो, दक्षिणेचा चंद्रभागेतून पूर्णेत, आणि पूर्णा पुढं चांगदेवजवळ तापीलाच मिळते.

गाविलगड या कड्याच्या टोकावर बसला आहे. १४२५ साली अहमदशहा वली बहमनीनं तो बांधला. त्याआधी तिथं गवळ्यांची गढी होती असं सांगतात. दक्षिणेचा कडा चढणं जवळजवळ अशक्य, पण उत्तरेला गड पठाराला जोडलेला, म्हणून त्या बाजूला बाहेरचा कोट घालावा लागला. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांनी नेमकी हीच बाजू धरली. त्याआधी भोसल्यांशी आडगावची लढाई २९ नोव्हेंबरला झाली होती. इंग्रज सेनापती वेलस्ली दक्षिणेला राहिला आणि कर्नल स्टीव्हन्सनची फौज धामणगावावरून डोंगरात शिरली. जड तोफा सैनिकांनी रस्ता करत करत जवळपास ३० मैल हातानं ओढल्या आणि १२ तारखेला लवादा गावाजवळ आणल्या. १३ ला मारा सुरू झाला, १५ ला गड पडला, किल्लेदार बेनीसिंग लढताना मारला गेला. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, नागपूरकर भोसल्यांना देवगावचा तह करावा लागला. आज धामणगाव गढीवरून वर जाणारी गाडी त्याच डोंगरातून चढते. गाडीवाल्यांनी हे वाटेतच सांगायला हवं, क्वचितच कोणी सांगतं.

गडावर आतल्या कोटाच्या दरवाजावरचं कोरीव काम, देवतलाव, मोठी मशीद आणि पडलेल्या तोफा एवढं नीट पाहायचं तर तीन तास लागतातच. गड व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत आहे. अस्वल आणि बिबट्याचा वावर असल्यानं गवत उंच असेल तेव्हा आडवाटेला जाऊ नये, दुपार कलायच्या आत बाहेर यावं. आत खायला-प्यायला काही मिळत नाही. माणशी दोन लिटर पाणी सोबत हवं. पावसाळ्यात तटाच्या दगडांवर शेवाळ असतं, तिथं चप्पल घालून चढू नका.

पॉइंटांपैकी देवी पॉइंट मुळीच वगळू नका. कपारीत देवीचं ठाणं आहे आणि छतातून पाणी झिरपतं. काळ्या खडकाचे थर एकावर एक आहेत. वरच्या थराच्या भेगांतून उतरलेलं पाणी खालच्या घट्ट थरावर अडतं आणि कपारीत बाहेर पडतं. हाच खडक फार पाणी साठवत नाही, उतारही तीव्र, त्यामुळं धो धो पाऊस पडूनही एप्रिल-मेमध्ये इथं टंचाई असते. उन्हाळ्यात मुक्काम करायचा तर खोली ठरवण्याआधी पाण्याची सोय विचारा. भीमकुंडाचा धबधबा पावसाळ्यातला. जुलै-ऑगस्टच्या धुक्यात मात्र बऱ्याचदा नुसता आवाज ऐकून परतावं लागतं. धबधबा आणि दरी दोन्ही पाहिजे असेल तर सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर गाठावा. मोझरी आणि हरिकेन दोन्हींची गरज नाही, एक पुरे.

वर जायला दोन रस्ते: धामणगाव गढीचा आणि घटांगचा. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी गर्दी झाली की एकेरी वाहतूक करतात, तेव्हा त्या दिवशीची दिशा परतवाड्यातच विचारून घ्यावी. पेट्रोल-डिझेल आणि रोख पैसे तिथंच घ्या. वर मोबाईलची रेंज जाते-येते, त्यामुळं फोनवरून पैसे देणं अडतं. उतरताना गाडी दुसऱ्या गिअरवर ठेवावी. सतत ब्रेक दाबून उतरलं की लायनर तापतात, जळका वास येतो आणि पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. असं झालं तर रुंद जागी थांबून वीस-पंचवीस मिनिटं गार होऊ द्या. वरून पाणी ओतलं तर तापलेलं लोखंड वाकतं किंवा तडकतं. धुक्यात हेडलाईट खाली ठेवा, वर टाकला तर समोर पांढरी भिंतच दिसते.

खाण्यात मोठी अपेक्षा नको. भाजलेला भुट्टा, चहा, आणि मोथा गावाकडचा खवा, रबडी. या भागातल्या गवळ्यांची ही खरी ओळख. हिवाळ्यात स्ट्रॉबेरीही मिळते. सहलवाले जेवणासाठी थांबवतात तिथं एक तास सहज जातो. त्यापेक्षा घरून भाकर-चटणी बांधून न्यावी, तो तास गडाला मिळतो. खवा परतीच्या वाटेवर शेवटी घ्या, कारण सकाळी घेऊन बंद गाडीत ठेवलेला खवा संध्याकाळपर्यंत आंबतो. इथली कॉफी घ्यायची असेल तर पाकिटावर कुठं पिकली ते वाचून घ्या. या डोंगरात कॉफी इंग्रजांच्या काळापासून आहे, पण लागवड थोडी.