सर्व्हिस बसच्या नावाखाली 36,24,960 रुपये गेले

चाकणच्या आमच्या कारखान्यात ईआरपी (खरेदी, साठा, हिशेब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर), गोदाम, डिस्पॅच, डीलर पोर्टल आणि ई-इनव्हॉइस (जीएसटीच्या पोर्टलवर नोंदवायचं बिल) अशा पाच सिस्टिम होत्या, आणि पाचांची तोंडं पाच दिशांना. त्या एसओए पद्धतीने, म्हणजे प्रत्येक सिस्टिमचं काम छोट्या 'सेवां'च्या रूपाने बाकीच्यांना वापरता यावं आणि निरोप मधल्या 'सर्व्हिस बस'ने पोचवावेत अशा रीतीने, जोडायचं काम एका विक्रेत्याला दिलं. कोटेशन असं: 'इंटिग्रेशन इंजिन'चं (म्हणजे त्या बसचं) लायसन्स प्रोसेसरच्या चार कोअरसाठी 8,60,000, एकेक सिस्टिम बसला जोडणारे पाच अडॅप्टर 7,00,000, बावीस सेवा प्रत्येकी 90,000 दराने 19,80,000, ट्रेनिंग 3,00,000. एकूण 38,40,000, वर 18 टक्के जीएसटी. 40 टक्के आगाऊ आणि 40 टक्के यूएटीवर, म्हणजे काम स्वीकारण्याआधी ग्राहकाने घ्यायच्या चाचणीवर, सही झाली की. दोन्ही हप्ते आम्ही दिले.

यूएटीचा दिवस आठवला की आजही संताप येतो. पडद्यावर डीलरची थकबाकी सांगणारी सेवा चालवून दाखवली. उत्तरात वेळ होती 10:42:17. दुसऱ्या डीलरसाठी मागणी पाठवली, तरी 10:42:17. तिसऱ्यांदाही तेच. विचारलं तर म्हणाले, "कॅशमधून येतंय," म्हणजे आधी साठवून ठेवलेलं उत्तर. वर पत्त्यात पोर्ट 8088 आणि पुढे चक्क 'मॉक' (नकली) हा शब्द. सोपयूआय या चाचणीच्या सॉफ्टवेअरमध्ये ठरलेली उत्तरं देणारी खोटी सेवा उभी केली की पत्ता असाच दिसतो, हे आमच्या टेबलावरच्या दोघांनाही माहीत होतं. तरीही सही झाली आणि 18,12,480 रुपयांचा दुसरा हप्ता गेला.

घाई खोटी नव्हती. 1 एप्रिल 2025 पासून 10 कोटी किंवा जास्त उलाढाल असलेल्यांना 30 दिवसांपेक्षा जुनं बिल ई-इनव्हॉइसच्या पोर्टलवर चढवता येत नाही, आणि आमची बिलं तेव्हा हाताने चढत होती. ही तारीख विक्रेत्यालाही पाठ होती आणि प्रत्येक बैठकीत ती आमच्यापुढे नाचवली जायची.

बावीसपैकी तेरा सेवा त्या दिवशी तयारच नव्हत्या. नंतर त्या घाईघाईत लिहिल्या, त्याही ईआरपीच्या डेटाबेसमधल्या टेबलांवर थेट एसक्यूएल (डेटाबेसची भाषा) मारून. वर डब्ल्यूएसडीएलचं, म्हणजे सेवेच्या औपचारिक वर्णनाचं, वेष्टण, आत उघडा डेटाबेस. ईआरपीतला राखीव मालाचा नियम, क्रेडिट लिमिट, मंजुरी, सगळं बाजूला राहिलं. परिणाम म्हणजे एका डीलरसाठी राखून ठेवलेला माल दुसऱ्याला गेला, आणि ईआरपीच्या एका पॅचने कॉलमचं नाव बदलल्यावर चार सेवा एका रात्रीत बंद पडल्या. हे ओळखायला पाच मिनिटं पुरतात: ईआरपीचा ॲप्लिकेशन सर्व्हर बंद करा, डेटाबेस चालू ठेवा आणि सेवेला हाक मारा. डेटाबेसमधलं ताजं उत्तर आलं तर ती टेबलातून वाचते आहे.

सर्वांत महाग पडली ऑर्डरची सेवा. टाइमआउट (उत्तराची वाट पाहायची मर्यादा) 30 सेकंद, रिट्राय (तीच मागणी पुन्हा पाठवणं) तीन वेळा, आणि एकच मागणी पुन्हा आली आहे हे ओळखणारी खूण कुठेच नाही. ईआरपी संथ असताना एका डीलरच्या एका ऑर्डरच्या तीन ऑर्डर झाल्या, तीन नंबरांची तीन बिलं निघाली. पोर्टल दुहेरी बिल 2150 या एररने अडवतं, पण ते बिलाचा नंबर पाहून. नंबरच वेगळे, म्हणून तिन्हींना आयआरएन (पोर्टलचा बिल-नोंदणी क्रमांक) मिळाला. रद्द करायची मुदत 24 तास. आम्हाला कळलं तिसऱ्या दिवशी, मग बिल उलटवणाऱ्या क्रेडिट नोटांची रांग. प्रत्येक मागणीला पाठवणाऱ्याने स्वतःचा युनिक नंबर दिलाच पाहिजे, आणि घेणाऱ्याने तो साठवून दुसऱ्या वेळी नवी नोंद न करता जुनंच उत्तर परत दिलं पाहिजे. हे करारात लिहून घ्या, तोंडी नको.

आता लायसन्स. एका एररच्या लॉगमध्ये (नोंदींच्या फाइलमध्ये) अपाचे कॅमल या सिस्टिम जोडणाऱ्या सॉफ्टवेअरच्या कोडची पॅकेज-नावं ओळीने दिसली. इंजिनची जार फाइल (जावा प्रोग्रामचं गाठोडं) म्हणजे झिपच. सेव्हन-झिपने उघडली, आत कॅमलचंच कोड निघालं, लायसन्स आणि नोटिस या फाइल मात्र काढून टाकलेल्या. कॅमल अपाचे लायसन्स 2.0 खाली फुकट मिळतो. तो विकायला बंदी नाही, पण लायसन्सची प्रत द्यावीच लागते. कोअरमागे 2,15,000 आम्ही नेमके कशाचे दिले, याचं उत्तर आजवर नाही.

पोलीस ठाण्यात गेलो तर "हा दिवाणी वाद आहे." सायबरवाले म्हणाले, पैसे तुम्हीच बँकेतून, बिलावर पाठवलेत. ग्राहक आयोगाचं दार बंद, कारण खरेदी व्यापारी कामासाठी. सूक्ष्म-लघु उद्योगांची फॅसिलिटेशन कौन्सिल ऐकते ती माल किंवा सेवा पुरवणाऱ्याचं. घेणाऱ्याला फसवणुकीची तक्रार घेऊन तिथे स्वतःहून जाता येत नाही; पुरवणाऱ्याने दावा केला तरच प्रतिदावा मांडता येतो. उलट उद्यम (सूक्ष्म-लघु उद्योगाची) नोंदणी दाखवून विक्रेत्यानेच आम्हाला कळवलं की उरलेले 20 टक्के, म्हणजे जीएसटी सोडून 7,68,000, दिले नाहीत तर तिथे जाऊ, आणि व्याज बँक दराच्या तिप्पट, दर महिन्याला चक्रवाढ. फसवलेला आम्ही आणि कायद्याचं छत्र त्यांच्या डोक्यावर! कराराच्या शेवटच्या पानावर लवाद, तोही दुसऱ्या राज्यातल्या शहरात. ते कलम सहीआधी वाचलं होतं, पण वापरायची वेळ येईल असं कुणाला वाटलं नव्हतं.

यूएटीत डेटा तुमचा, मशीन तुमचं आणि नेटवर्कची केबल तुमच्या हातात असू द्या. ती काढली की सेवा पडली पाहिजे. पोचू न शकलेल्या मागण्या जिथे साठतात ती डेड लेटर क्यू उघडून दाखवायला सांगा, आमच्याकडे ती नव्हतीच. सोर्स कोड हप्त्यासोबत घ्या, शेवटी नाही. आमच्या तेरा सेवांचा सोर्स अजून त्यांच्याकडेच आहे, आणि त्यातल्या चार आम्ही सध्या ईआरपीच्या अधिकृत एपीआयवर (बाहेरच्या प्रोग्रामसाठी ईआरपीनेच दिलेल्या जोडणीवर) नव्याने लिहीत आहोत.