नागपूरच्या धंतोलीतलं एंडोमेट्रिओसिस क्लिनिक: सोनोग्राफी उत्तम, एमआरआयची व्यवस्था बेताची

पाळी जवळ आली की लघवीला जळजळ, दर अर्ध्या तासाला जावंसं वाटणं, लघवीची पिशवी भरली की ओटीपोटात कळ, आणि युरिन कल्चर (लघवीतल्या जंतूंची तपासणी) दर वेळी कोरं. हा लघवीच्या पिशवीचा एंडोमेट्रिओसिस असू शकतो, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारख्या ऊतीची गाठ पिशवीच्या भिंतीत वाढणं. अशा पेशंटला अँटिबायोटिकचा आणखी एक कोर्स देण्यापेक्षा इथे पाठवलेलं बरं. लघवीतून रक्त जात नाही म्हणून शंका सोडायची नसते. ही गाठ बाहेरून, गर्भाशयाच्या बाजूने पिशवीच्या भिंतीत शिरते. आतल्या अस्तरापर्यंत बरेचदा पोचतच नाही.

इथली जमेची बाजू म्हणजे योनीमार्गातून होणारी सोनोग्राफी. 'लघवी करून या' असं एरवी सांगतात आणि तिथेच गाठ हुकते, कारण रिकाम्या पिशवीच्या भिंती मिटलेल्या असतात. इथे पिशवी थोडी भरलेली लागते. (धंतोलीतलं पार्किंग ठाऊक असेल तर पाणी क्लिनिकमध्ये पोचल्यावरच प्या.) प्रोबने हलकं ढकलून पिशवी गर्भाशयावरून सरकते की चिकटली आहे, तेही बघतात. रिपोर्टमध्ये गाठीची तिन्ही मापं, तिची जागा, मूत्रनलिकेच्या (किडनीतून पिशवीत लघवी आणणाऱ्या नळीच्या) तोंडापासूनचं अंतर आणि दोन्ही किडन्या. किडनीची ओळ नसलेला रिपोर्ट घेऊच नका: मूत्रनलिका दबली तरी अनेकदा दुखत नाही, आणि किडनी गुपचूप फुगत राहते.

एमआरआयच्या काउंटरवर मात्र पिशवीबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. वाट बघता बघता ती तट्ट भरते, पेशंट चुळबुळतो, चित्रं धूसर येतात.

सिस्टोस्कोपीची (दुर्बिणीने पिशवी आतून बघण्याची) तारीख पाळीच्या तोंडावर देतात, ते बरोबर. तेव्हा निळसर गाठी ठळक दिसतात.

औषधांत डायनोजेस्ट ही हार्मोनची गोळी, 2 मिलिग्रॅम, रोज एक. सुरुवातीचे महिने अधूनमधून डाग लागतात; गोळी थांबवली की त्रास परतू शकतो, आणि मूल हवं असेल तर हा मार्गच नाही. ऑपरेशन लॅपरोस्कोपीने: गाठीसकट भिंतीचा पूर्ण जाडीचा तुकडा काढून विरघळणाऱ्या टाक्यांनी शिवतात. मूत्रमार्गातून नुसतं खरवडायला इथले युरोलॉजिस्ट नकार देतात, ते योग्यच. बाहेरचा भाग राहतो आणि पिशवीला भोक पडण्याची भीती. कॅथेटर साधारण 7 ते 14 दिवस. गाठ मूत्रनलिकेच्या तोंडाजवळ असली तर डीजे स्टेंट (मूत्रनलिकेत काही काळ ठेवायची बारीक नळी) टाकतात. तो काढायचा खर्च पॅकेजमध्ये धरलेला नाही, भरती होण्याआधी लेखी घ्या.