बारा फुटांचा बंगला, साडेचार फुटांची जागा

गिनी पिगसाठी मोठं, देखणं घर करून घ्यायचं कुणाच्या मनात असेल तर आधी हे वाचा. माझे 14,400 रुपये गेलेत. ते काही परत येत नाहीत, पण तुमचे तरी वाचतील.

आमच्या घरी दोन माद्या आहेत, बटाटा आणि कुंदा. नावं थोरल्या मुलीनं ठेवली. कुंदा म्हणजे बेळगावची मिठाई, त्यामुळे आम्ही बेळगावचे हे त्यानंतर वेगळं सांगावं लागत नाही. सुरुवातीला दोघी दुकानातून आणलेल्या छोट्या पिंजऱ्यात होत्या. वळायचं म्हटलं तरी एकमेकींवर आदळायच्या. थोरलीनं कुठूनतरी वाचून काढलं की दोघींना निदान साडेसात चौरस फूट जागा लागते, आणि तीही सपाट. ससा उड्या मारतो, मांजर चढतं. ह्या बिचाऱ्या फक्त पळतात. म्हटलं, करूच एकदा चांगलं घर.

ओळखीतल्या एकीनं व्हॉट्सॲपवर एका कारागिराचे फोटो पाठवले. काय एकेक घरं! कौलारू छप्पर, छोट्या खिडक्या, जिना. मी फोन लावला तर पलीकडून अगदी आपलं बेळगावी मराठी. "काय काळजी करू नका ओ वैनी, मरीन प्लाय, पाण्याला टिकणारं, घालून देतो. मुलंबाळं मोठी होऊन जातील, पण ह्याला काय होत नाही बघा." सीमाभागात राहणाऱ्याला हे निराळं समजवायला नको. दुकानात कुणी मराठीत बोललं की आपण निम्मी चौकशी तिथंच सोडून देतो. मीही सोडली.

भाव स्क्वेअर फुटाला 1,200. बारा फूट जागा देतो म्हणाला. साडेसातच्या जागी बारा, म्हणून मी खूश. 9,000 ॲडव्हान्स यूपीआयनं पाठवले. बिलाचं विचारलं तर म्हणाला, "बिल केलं की जीएसटी वाढतंय, तुम्हालाच भुर्दंड. राहू दे की." मी राहू दिलं. आणखी एक गोष्ट मागाहून ध्यानात आली. मेसेजमध्ये काही विचारलं की तो उत्तर लिहायचाच नाही, लगेच फोन करायचा. त्यामुळे 'मरीन प्लाय' हा शब्द माझ्याकडे लिहिलेला कुठंही नाही.

दहा दिवसांचा वायदा होता. त्यानंतर रोज "नाळे". आपल्याकडं जुन्या घरांच्या दारावर 'नाळे बा' लिहिलेलं असतं, भुतानं वाचून उद्या यावं म्हणून. पाडव्यानंतर दिलेली ऑर्डर, मे संपला तरी मी त्या भुतासारखी रोज परत जात होते.

जूनच्या पहिल्या पावसात टेम्पो आला. तो स्वतः आणि एक पोरगा. उचलताना पोरगा वाकला, तशी शेजारच्या अक्कांनी त्याला कन्नडमध्ये विचारलं, एवढं जड कसं रे? पोरगा म्हणाला, "एमडीएफ ऐत्री." मला कन्नड कळतं. एमडीएफ आहे, असं तो म्हणाला. पण एमडीएफ म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, हे तेव्हा माहीत नव्हतं. मालकानं पोराकडं एकदा बघितलं, आणि पोरगा गप्प झाला. ते बघणं माझ्या अजून डोळ्यासमोर आहे.

दिसायला मात्र खरंच सुंदर होतं. थोरली नाचली. त्यानं आमच्या हॉलमध्ये खिडकीजवळ ठेवून, उशा इकडंतिकडं सरकवून चार-पाच फोटो काढले, उरलेले 5,400 घेतले आणि गेला.

संध्याकाळी मी टेप लावली. खाली तीन फूट बाय दीड फूट. म्हणजे साडेचार. वर तेवढंच. मग बारा कसे? फोन केला. "वरची गच्ची धरा की वैनी, तीन फूट." गच्चीला वर जायला वाटच नव्हती! वरच्या मजल्याचा जिना इतका उभा की बटाटा एकदाही चढली नाही. कुंदा एकदा चढली आणि वर बसून ओरडत राहिली, उतरवून घ्यावी लागली. म्हणजे मी बारा फुटांचे पैसे मोजले आणि दोघींच्या वाट्याला साडेचारच आले.

त्याहून वाईट तळ. लाकडाऐवजी तारेची जाळी होती. "लेंड्या खाली पडतात, साफ करायला सोपं," म्हणाला. सोपं माझ्यासाठी. ह्या जनावरांच्या तळव्याला सशासारखे केस नसतात, कातडी उघडी असते. तीन आठवड्यांत कुंदाचा मागचा पाय लाल होऊन सुजला. डॉक्टरांनी पाय उलटा करून मला दाखवला, टाचेजवळ भेंडीच्या बीएवढी जखम. जाळी आजच काढा म्हणाले. जखम वाढली तर हाडापर्यंत जाते. औषध महिनाभर चाललं. त्या पैशांचा हिशोब मी वर धरलेला नाही.

जाळी काढून पुठ्ठा घातला, तर गणपतीपर्यंत फळ्याच फुगल्या. लघवी आणि आपल्याकडचा पाऊस, दोन्ही एकदम. कोपऱ्यातली कडेची पट्टी नखानं ओढली तर अलगद सुटून आली. आत चहात बुडवलेल्या टोस्टसारखा भुगा. प्लायची कड बघितली तर आडवेउभे थर दिसतात. ह्यात थर नव्हतेच. मरीन प्लायवर आयएस 710 चा शिक्का असतो. तो आमच्या 'बंगल्या'वर होता, नाही असं नाही. दाराच्या आतल्या एका पट्टीवर, बरोबर दिसेल असा. तेवढीच एक पट्टी प्लायची!

म्हणून सांगते, करून घेणार असाल तर कडेच्या पट्ट्या आणि रंग चढायच्या आधी जाऊन कड बघा, आणि निम्म्याहून जास्त पैसे त्याआधी देऊ नका. जागा 'स्क्वेअर फुटात' विचारू नका, तळमजल्याची लांबी-रुंदी विचारा आणि ती मेसेजमध्ये लिहून घ्या. मी 1915 ह्या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला तेव्हा पहिला प्रश्न बिलाचा आला. खरं तर बिल न देणं हीच 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, पण काय ठरलं होतं ते दाखवायला माझ्याकडं यूपीआयच्या दोन नोंदींपलीकडं काही नव्हतं.

आता घर आम्हीच केलंय. तारेच्या चौकोनी जाळ्या प्लॅस्टिकच्या क्लिपांनी उभ्या जोडल्या. तळाला बोर्डवाले वापरतात तो पोकळ प्लॅस्टिकचा पन्हळी पत्रा, त्यावर जुने टॉवेल आणि फ्लीसची चादर. चार फूट बाय अडीच. दिसायला अगदीच साधं, पण सकाळी ढबू मिरची चिरायचा आवाज आला की दोघी ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत धावतात.

परवा खानापूरच्या एका मैत्रिणीनं फोटो पाठवला. "हे बघ किती छान, मुलासाठी सांगू का?" फोटोतल्या घरामागं मोरपंखी पडदा होता, लाल काठाचा. आजीच्या जुन्या शहापुरी साडीचा मी स्वतः शिवलेला.