दारू नाही, फक्त तिचा गुण : अण्णांचे 13,500 रुपये

माझे वडील, अण्णा, माळकरी. दारूच्या बाटलीला आयुष्यात हात लावला नाही. दीड वर्षापूर्वी अँजिओप्लास्टी झाली, तेव्हापासून रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या रोज चालू आहेत.

इथे नाशिकला ज्येष्ठ नागरिकांसाठी मोफत शिबिर होतं. बीपी, शुगर तपासली, चहा-बिस्किटं दिली. मग पांढऱ्या कोटातला एक मुलगा अण्णांना खेटून बसला. "काका, फ्रेंच लोक एवढं लोणी-चीज खातात, तरी हार्ट अ‍ॅटॅक कमी. का? रेड वाइन! त्यातलं रेसव्हेराट्रॉल नावाचं अँटिऑक्सिडंट आम्ही कॅप्सूलमध्ये भरलंय. दारू नाही, फक्त तिचा गुण. तुमच्या माळेला धक्का नाही." तीन महिन्यांचा कोर्स, 13,500 रुपये रोख. बिल नाहीच, हाताने लिहिलेली चिठ्ठी. कुठल्या गोळ्या चालू आहेत, हे त्याने एकदाही विचारलं नाही. मला सगळ्यात जास्त संताप याचाच येतो.

तिसऱ्या आठवड्यात बेसिनमध्ये पेस्टचा फेस गुलाबी दिसला. अण्णा म्हणाले, "ब्रश नवा आहे, टोचतो." मग दंडावर काळे-निळे डाग, कुठेही आपटलं नसताना. डॉक्टरांनी बाटली हातात घेतली आणि कॅप्सूल तिथल्या तिथे बंद केल्या. रेसव्हेराट्रॉलच्या मोठ्या डोसने रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा परिणाम वाढू शकतो, हे आम्हाला तेव्हा कळलं.

मग मी वाचत बसले. लिटरभर रेड वाइनमध्ये हे द्रव्य जेमतेम काही मिलिग्रॅम असतं. इटलीत कियांतीत, म्हणजे वाइनच्याच मुलखात, सुमारे 800 वृद्धांची वर्षानुवर्षं पाहणी झाली. ज्यांच्या लघवीत रेसव्हेराट्रॉलचे अंश जास्त सापडले, त्यांचा हृदयविकार किंवा मृत्यू काही कमी झाला नव्हता. हे 2014 साली छापून आलंय. अण्णांना दिलेल्या माहितीपत्रकात अमेरिकेतल्या दीपक दास यांच्या संशोधनाचा दाखला होता. त्यांच्या कामात 145 ठिकाणी बनावट किंवा फिरवलेली माहिती असल्याचं त्यांच्याच कनेटिकट विद्यापीठाने 2012 मध्ये जाहीर केलं होतं.

चिठ्ठीवरचा नंबर बंद आहे. ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार नोंदवली. पक्कं बिल नसल्याने पैसे परत मिळण्याची आशा कमीच. तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना कुणी असं काही दिलं असेल, तर बाटली आजच त्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

उरलेल्या दोन बाटल्या अण्णांनी फेकू दिल्या नाहीत. रविवारी कट्ट्यावर घेऊन जाणार आहेत. त्या शिबिरात त्यांच्यासोबत आणखी चौघांनी पैसे भरले होते.