ब्राउझर हँग झाल्यावर: फायरफॉक्स बरा की क्रोमियम?

लिनक्सवर कुठला ब्राउझर पळतो आणि कुठला रॅम खातो, या वादात मला आता फारसा रस नाही. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपच्या ऑफिसातली आणि ओळखीच्या दोन-चार दुकानांतली मशीनं मी बघतो. बहुतेक जुनी, ४ जीबी रॅमची, फिरत्या हार्ड डिस्कची, वर लिनक्स मिंट (लिनक्सचाच एक प्रकार). अशा मशीनवर ब्राउझर कधी ना कधी अडकणारच, मग तो कुठलाही असो. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की अडकल्यावर नेमकं काय अडकलंय ते कुठला ब्राउझर लवकर कळू देतो. निवड करायची असेल तर याच बाजूनं करा, असं माझं मत आहे.

माझ्यापुढे पर्याय दोन: फायरफॉक्स आणि क्रोमियम, म्हणजे गूगलचा क्रोम ज्यावर बांधलाय तो मुक्त ब्राउझर. मिंटवर ही तुलना सरळ होते, कारण तिथं दोन्ही साध्या पॅकेजमधून येतात. उबंटू या दुसऱ्या लिनक्सवर दोन्ही स्नॅपमधून, म्हणजे सगळं सामान आत बांधलेल्या बंद पॅकेजमधून येतात. तिथं पहिल्यांदा उघडायला लागणारा वेळ हा हँग नसतो, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आधी प्लगइनबद्दल, म्हणजे ब्राउझरला बाहेरून जोडलेल्या प्रोग्रामबद्दल, कारण जुने लोक अजून तिथूनच सुरुवात करतात. एक काळ होता, सगळा दोष फ्लॅशचा, म्हणजे व्हिडिओ आणि गेम चालवणाऱ्या प्लगइनचा असायचा. जून २०१० मध्ये फायरफॉक्स ३.६.४ आला आणि प्लगइन वेगळ्या प्रोसेसमध्ये (मशीनवर स्वतंत्र चालणाऱ्या कामात) गेलं. मग टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, 'प्लगइन-कंटेनर' ही प्रोसेस मारली (बंद पाडली) की बाकीचा ब्राउझर जिवंत व्हायचा. ते दिवस संपले. लिनक्सवरच्या क्रोमनं जुनी प्लगइन २०१४ मध्येच बंद केली, फायरफॉक्सनं २०१७ मध्ये फ्लॅश सोडून बाकीची काढली आणि २०२१ च्या जानेवारीत फ्लॅशही गेलं. आता प्लगइनच्या यादीत व्हिडिओचे एक-दोन भाग दिसतील, पण खरा संशयित असतो एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरच्या आत टाकलेली छोटी जोडणी. पीडीएफ जोडणारं, स्क्रीनशॉट काढणारं, कूपन शोधणारं. कुणीतरी कधीतरी टाकलेलं आणि नंतर विसरलेलं.

ब्राउझरची खिडकी अजून हलतेय, नुसती जड झालीय, अशा वेळी क्रोमियम सरस आहे हे मोकळेपणानं सांगतो. शिफ्ट आणि एस्केप दाबलं की त्याचा टास्क मॅनेजर उघडतो. प्रत्येक एक्स्टेन्शनची वेगळी ओळ, शेजारी मेमरी आणि सीपीयू. जे पेटलंय ते निवडायचं, बंद करायचं, बाकीची एक्स्टेन्शनं चालू राहतात. फायरफॉक्समध्ये पत्त्याच्या जागी 'अबाउट:प्रोसेसेस' लिहिलं की तशीच यादी येते, साइटच्या नावासकट आणि प्रोसेसच्या नंबरासकट. पण तिथं सगळी एक्स्टेन्शनं एकाच प्रोसेसमध्ये राहतात. ती प्रोसेस मारली की जाहिराती अडवणाऱ्यापासून पासवर्ड भरणाऱ्यापर्यंत सगळीच एकदम बसतात. दोषी कोण, हे मग एकेक बंद करून शोधावं लागतं.

इथवर वाचून कुणी क्रोमियम निवडला तर माझी हरकत नाही. पण खिडकी हलतेय तोवरची ही गोष्ट. माझा निर्णय झाला तो खिडकीच अडकली तेव्हाच्या अनुभवावर.

टेम्पो भरून दारात उभा असतो, ई-वे बिल निघायचं असतं आणि फोन येतो, "दादा, परत अडकलं बघा." माऊसचा बाण सरकतो, पण क्लिक लागत नाही. टास्क मॅनेजर ब्राउझरच्याच आत आहे, त्यामुळे तो उघडायचा प्रश्नच नाही. मी म्हणतो, कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाब, लॉगिन कर, 'टॉप' लिही, आणि यादीतल्या पहिल्या ओळीत शेवटी काय लिहिलंय ते वाच. त्या तीन कळांनी खिडक्यांबाहेरचा काळा पडदा येतो, आणि 'टॉप' ही आज्ञा चालू प्रोसेसची यादी दाखवते, सीपीयू जास्त खाणारी सगळ्यात वर.

फायरफॉक्स असेल तर पलीकडून थेट उत्तर येतं: 'वेबएक्स्टेन्शन्स'. म्हणजे एक्स्टेन्शनच. किंवा येतं 'आयसोलेटेड वेब को', म्हणजे कुठल्यातरी साइटचं पान. ते नाव अर्धवट दिसतं, कारण लिनक्सचा कर्नल प्रोसेसच्या नावाला १५ अक्षरांपेक्षा जास्त जागा देत नाही, आणि 'कंटेंट'मधलं बाकीचं कापलं जातं. तरी तेवढं पुरतं. वर नुसतं 'फायरफॉक्स' असेल तर मुख्य प्रोसेस दमलीय, मग प्रोफाइल (ब्राउझरची साठवलेली सेटिंग आणि माहिती) किंवा ग्राफिक्सकडे बघायचं. एका शब्दावरून पुढची दिशा कळते, आणि हा शब्द लिनक्सचा गंध नसलेला माणूसही फोनवर वाचून दाखवू शकतो.

क्रोमियम असेल तर पलीकडून येतं: "क्रोमियम, क्रोमियम, क्रोमियम, खाली पण क्रोमियमच." टॅब, एक्स्टेन्शन, ग्राफिक्स, सगळ्यांचं नाव एकच. माहिती दडवलेली नाही, हेही खरं. 'पीएस' या प्रोसेस दाखवणाऱ्या आज्ञेला प्रत्येकीची पूर्ण ओळ दाखवायला सांगितली की 'रेंडरर' (पान रंगवणारी), 'जीपीयू-प्रोसेस' (ग्राफिक्सची) असे प्रकार दिसतात, आणि एक्स्टेन्शनच्या ओळीत 'एक्स्टेन्शन-प्रोसेस' असा शब्दही असतो. पण प्रत्येक ओळ इतकी लांब की काळ्या पडद्यावर तीन-चार ओळींत गुंडाळली जाते. मी समोर बसलेलो असेन तर चाळणी लावून काढतो. पण दूर कळंब्याहून फोनवर, टेम्पोवाला हॉर्न मारत असताना, हे कुणाला सांगायचं? याच एका त्रासापायी मी फायरफॉक्सकडे झुकलो.

एक सूचना दोन्हीकडे लागू. मारायच्या आधी थांबवून बघा. संशयित प्रोसेसला 'किल' या आज्ञेतून 'स्टॉप' सिग्नल दिला की ती जागच्या जागी थिजते. बाकीचं मोकळं झालं तर चोर सापडला. मग 'कंट' (कंटिन्यू) सिग्नल देऊन ती पुन्हा चालू करता येते, काही न गमावता. फक्त जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन त्यात असेल तर तेवढा वेळ नवी पानं उघडत नाहीत, त्यानं गोंधळू नका. मारायचीच असेल तर आधी साधं 'किल', ऐकलं नाही तरच '-९', म्हणजे सक्तीनं मारणं.

टॉपच्या ओळीत अवस्थेच्या रकान्यात 'डी' दिसलं तर '-९'ही लगेच चालत नाही, कारण ती प्रोसेस डिस्कची वाट बघत असते. वर 'केस्वॅपडी०' (रॅममधलं सामान डिस्कवरच्या स्वॅप जागेत हलवणारी कर्नलची प्रोसेस) दिसला तर रॅम संपलीय आणि ब्राउझर बदलून काही होणार नाही. तिथं 'अर्लीओओएम' नावाचं छोटं पॅकेज टाका. मोकळी मेमरी आणि स्वॅप दोन्ही १० टक्क्यांखाली गेली की मशीन पुरतं गोठायच्या आत ते सगळ्यात मोठ्या प्रोसेसला बंद करतं.

फायरफॉक्सचा ट्रबलशूट मोड, म्हणजे दोष शोधायला साधेपणानं सुरू करायची सोय, चांगला आहे, पण त्यावरून घाईनं निष्कर्ष काढू नये. तो एक्स्टेन्शनं बंद करतो तसंच हार्डवेअर अ‍ॅक्सेलरेशनही (पडद्यावरचं काम ग्राफिक्स चिपला देणं) बंद करतो. त्यात हँग थांबला तर दोष दोघांपैकी कुणाचाही असू शकतो. म्हणून मी आधी सेटिंगमधून नुसतं अ‍ॅक्सेलरेशन काढतो, जुन्या ग्राफिक्सवर बरेचदा तिथंच निकाल लागतो.

आणखी एक गोष्ट फायरफॉक्सच्या पारड्यात पडते. क्रोमनं एक्स्टेन्शनचे नियम बदलल्यापासून जाहिराती अडवणारं पूर्ण यूब्लॉक ओरिजिन तिथं, आणि क्रोमियमवरही, चालत नाही, 'लाइट' आवृत्तीवर भागवावं लागतं. फायरफॉक्सवर ते अजून पूर्ण ताकदीनं चालतं. बातम्यांच्या पानांवर जाहिराती आणि आपोआप सुरू होणारे व्हिडिओ ४ जीबीच्या मशीनला किती जड जातात ते मोजून दाखवायला माझ्याकडे आकडे नाहीत, पण यूब्लॉक टाकल्यापासून मला येणारे फोन कमी झालेत.

क्रोमियम काढून टाका असं मात्र मी म्हणणार नाही. काही पोर्टलं क्रोमच्या जातीच्या ब्राउझरवरच तपासलेली असतात आणि ऐन वेळी दुसरीकडे बटण उमटत नाही. ज्याला टर्मिनल हाताळता येतं आणि जो मशीनसमोरच बसतो, त्याला क्रोमियम कदाचित जास्त आवडेल. माझ्याकडच्या मशीनवर रोजचं काम फायरफॉक्समध्ये, त्यात यूब्लॉक ओरिजिन सोडून दुसरं काही नाही. क्रोमियम शेजारी ठेवलेला, हट्टी पोर्टलांपुरता, एकही एक्स्टेन्शन न टाकता.